डोक्याला मार लागल्यानंतरची मैत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१७च्या पावसाळ्यात ढोलपथकाच्या सरावाहून घरी येताना मी दुचाकीवरून पडलो. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. कपाळाच्या डाव्या बाजूला मार, अकरा दिवस आयसीयू, आणि त्यापुढच्या महिनाभराचं मला आजही काही आठवत नाही. मी डॉक्टर नाही. पतसंस्थेत कारकून होतो, आता तिथेच अर्धा दिवस काम करतो. दवाखान्यातल्या बाकांवर, फिजिओथेरपीच्या रांगेत आणि फोनवर लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पक्षाघात, ब्रेन हॅमरेज, गाठीचं ऑपरेशन, मेंदूज्वर यांनंतरही बरंचसं असंच होतं, त्यामुळे ती मंडळीही वाचू शकतात. औषधांबद्दल मात्र तुमच्या न्यूरोलॉजिस्टनाच विचारा.

सुरुवातीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आता सहा महिने झाले, कुणी फोनही करत नाही. माणसं अशी कशी?

आपल्याकडे आजाऱ्याला ‘बघायला जाणं’ हे एक काम असतं. शहाळं नाहीतर मोसंबीची पिशवी घ्यायची, दहा मिनिटं बसायचं, ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणायचं आणि निघायचं. एकदा गेलं की काम झालं. त्यात कपट नसतं. माझ्याकडे इतकी मोसंबी जमली होती की आईने अख्ख्या मजल्यावर वाटली. पण बघून जायची रीत आहे, येत राहायची रीत कुणी घालून दिलेली नाही.

मग टाके निघतात, केस वाढतात, माणूस चालायला लागतो. बाकीच्यांच्या लेखी विषय संपला. ‘अरे, एकदम फिट दिसतोस की!’ हे वाक्य मी ज्या आठवड्यात सर्वांत जास्त ऐकलं, त्याच आठवड्यात मला आंघोळीनंतर कपडे कुठल्या क्रमाने घालायचे याचा विचार करावा लागत होता.

तिसरं कारण जरा अवघड आहे. एखादा मित्र आलेला असतो आणि काहीतरी विचित्र घडतं. माझा एक मित्र नोकरी गेल्याचं सांगत होता आणि मी मध्येच भिंतीकडे तोंड करून झोपलो. मला ते आठवतही नाही. त्याला आठवतं.

आणि चौथं म्हणजे आपण स्वतः. फोनमध्ये साठेक मेसेज साठले होते. आधी कुणाला उत्तर द्यावं हे ठरेना, म्हणून कुणालाच दिलं नाही. समोरच्याला वाटलं, याला आता आपली गरज नाही. तेव्हा खातं मांडायचं तर दोन्ही बाजूंनी मांडा.

मार डोक्याला लागतो, मग दोस्ती का बिघडते?

कारण मैत्री जिच्यावर चालते ती सगळी यंत्रणा डोक्यातच असते. गप्पा मारणं सोपं वाटतं, पण त्यात ऐकणं, लक्षात ठेवणं, उत्तर जुळवणं, समोरच्याचा चेहरा वाचणं आणि नको ते शब्द गिळणं ही पाच कामं एकाच वेळी चालू असतात. मार लागलेला मेंदू ही कामं करतो, पण सावकाश, आणि त्यात दमतो. हे दमणं म्हणजे झोप कमी झाल्याचा थकवा नव्हे. पंखा गरगरत असताना वीज जावी आणि तो हळूहळू थांबावा, तसं काहीतरी.

गोंगाट गाळण्याची चाळणी बिघडते. चहाच्या टपरीवर तुम्हाला मित्राचा आवाज ऐकू येतो आणि स्टोव्ह, हॉर्न, शेजारचं भांडण आपोआप मागे पडतं. मला ते सगळं एकाच आवाजात ऐकू येतं.

कपाळामागच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, मार लागला की आणखी एक गोष्ट होते आणि तिच्यावरून घरोघरी भांडणं होतात: सुरुवातच करता येत नाही. मित्राला फोन करायचा असे, फोन हातात असे, नाव समोर असे, आणि अर्धा तास मी तसाच बसलेला. घरचे म्हणत, आळशी झालाय. त्यात आळस नव्हता. मनात काही उठलं तरी ते हातापर्यंत पोचत नव्हतं.

वास जाणं हेही पुष्कळांच्या वाट्याला येतं. नाकातून वर मेंदूकडे जाणारे बारीक मज्जातंतू कवटीच्या तळाशी हिसक्याने तुटतात. मैत्रीशी याचा काय संबंध असं वाटेल, पण वास गेला की जेवणाची चव निम्मी जाते आणि ‘मिसळ खायला जाऊ’ या हाकेतला जीवही जातो.

‘हा पूर्वीचा राहिला नाही’ असं मित्र म्हणतात. खरंच माणूस बदलतो का?

काही प्रमाणात बदलतो. हे मित्रांनी म्हणणं फार जुनं आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिशजवळ, रेल्वेमार्गासाठी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली पहार डोक्यातून आरपार गेली. साडेतीन फुटांहून लांब, वजन सहा किलो. तो जगला. त्याचे डॉक्टर हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवलं की हा आता गेज राहिला नाही असं त्याचे मित्र म्हणत. मेंदूवरच्या अनेक पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट इथे संपते.

मला तिच्यापुढचा भाग जास्त आवडतो. १८५२ साली हाच गेज चिली देशात गेला आणि तिथे कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. घोडे सांभाळायचे, उतारूंशी बोलायचं, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी जायचं. अजिबात ताळतंत्र नसलेल्या माणसाला हे काम कुणी देणार नाही. रोजच्या ठरीव कामाने तो सावरला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. आपल्या उपयोगाचा भाग तोच आहे.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण तिथेच थांबत नाही. पुढे वर्षानुवर्षं थोडं थोडं काही सुधारत जातं. ‘वर्ष झालं, आता आहे हे असंच’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मित्रांना काय सांगू? सगळं सांगायला लाज वाटते.

रिपोर्ट वाचून दाखवू नका. मेंदूचा कुठला भाग, किती मिलिमीटर, हे कुणाला कळत नाही. काय बिघडलं आणि तेव्हा त्यांनी काय करायचं, एवढंच सांगा. मी पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज जसाच्या तसा देतो. लिहायला दोन दिवस लागले, शुद्धलेखन बहिणीने तपासलं:

‘दिसायला बरा आहे पण डोकं लवकर दमतं. एका वेळी एकच जण बोलला तर कळतं, चौघं बोलले की कलकलाट होतो. मध्येच उठून गेलो तर रागावलो नाही, दमलोय. उत्तर आलं नाही तर विसरलोय, परत टाका. रविवारी सकाळी नऊ ते दहा घरी असतो. या. मोसंबी नको.’

चाळीसेक जणांपैकी बहुतेकांनी अंगठे दाखवले. दोघं आले. आजवर त्या दोघांवर निभलं आहे.

भेट ठरवताना काय बघायचं?

वेळ, जागा, माणसं आणि शेवट. शेवट आधी ठरवा, कारण तो ठरवायला कुणी शिकवत नाही. ‘तासाभराने निघेन’ हे आल्या आल्या सांगितलं की निघताना कारणं द्यावी लागत नाहीत, आणि ‘बस रे, काय घाई आहे’ हे आपलं लाडकं वाक्य जरा कमी जोरात येतं.

सकाळची वेळ बरी. त्या दिवशी फिजिओथेरपी, बँक आणि मित्र असं सगळं एकत्र कोंबू नका. माणसं एक किंवा दोन. तीन झाली की ती आपापसात बोलू लागतात आणि आपण प्रेक्षक होतो. हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल घ्या आणि भिंतीला पाठ लावून बसा. मी कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून बसत होतो, तरी पाठीमागचा प्रत्येक कप फुटल्यासारखा ऐकू यायचा. टेबलाची बाजू बदलल्यावर फरक पडला. आवाज कुठून येतोय हे डोळ्यांना दिसलं की डोकं त्याच्या मागे धावत नाही, निदान माझं तरी.

नुसतं ‘भेटू या’ म्हणण्यापेक्षा काहीतरी करायला भेटा. कॅरम, टेकडीवर चालणं, गाडी धुणं, शेंगा सोलणं. हातात काम असलं की गप्पांमधल्या मोकळ्या जागा टोचत नाहीत. आणि वार पक्का ठेवा. दर वेळी नव्याने ठरवायचं म्हटलं की ते ओझं आपल्यावरच येतं, आणि सुरुवात करणं हेच तर आपल्याला जमत नाही.

मी बोललेलं, ऐकलेलं विसरतो. लोकांना वाटतं, याला आपली पर्वा नाही.

माझ्या एका मित्राचे वडील वारले. त्याने मला सांगितलं, मी रडलोही म्हणे. पंधरा दिवसांनी मी विचारलं, ‘काका काय म्हणतात?’ त्याने पुन्हा सांगितलं. नंतर एका रविवारी मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘ठीक आहेत.’ मला हे पुढे त्याच्या बायकोकडून कळलं.

त्यानंतर मी वही केली. दोनशे पानी, प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव, खाली घरची माणसं, त्याखाली तारीख टाकून शेवटच्या भेटीत काय झालं ते दोन ओळींत. भेटीला जाण्याआधी ते पान वाचायचं, आल्यावर भरायचं. फोनमध्येही नावापुढे लिहून ठेवता येतं, पण मला फोन उघडला की कशासाठी उघडला तेच विसरायला होतं. वही लपवू नका. माझे मित्र आता स्वतःच म्हणतात, ‘हे लिहून घे.’

कधीकधी विसरलेल्या जागी मेंदू स्वतःच काहीतरी भरतो आणि माणूस न घडलेली गोष्ट अगदी खात्रीने सांगतो. तो थापा मारत नसतो, त्याला ती खरीच वाटते. चारचौघांत खोडून काढू नका. विषय बदला आणि महत्त्वाचं असेल तर नंतर एकट्याला सांगा.

नको ते तोंडातून जातं, एकदम भडका उडतो. कितीदा माफी मागू?

दर वेळी, पण थोडक्यात. ‘काल मी तुझ्या वजनावर बोललो. चुकलं.’ एवढं पुरे. ‘माझा मेंदूच असा झालाय, मी काय करू’ हे शेपूट जोडलं की समोरच्याला आपल्यालाच समजवावं लागतं.

जवळच्या एकाबरोबर खूण ठरवा. माझा मित्र ‘पाणी पितोस?’ म्हणतो. त्याचा अर्थ, गाडी घसरतेय, गप्प बस. मी पाणी पितो. बाकीच्यांना वाटतं, मला तहान फार लागते.

भडका उडण्याआधी बहुतेक वेळा दमणूक, भूक किंवा आवाज असतो. ते आधी बघा. कारण नसताना हसू किंवा रडू फुटत असेल आणि आवरत नसेल, तर तो मनाचा कमकुवतपणा नाही. मेंदूच्या दुखापतीत होणारा हा एक ठाऊक असलेला प्रकार आहे आणि त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

मित्र म्हणतात, शनिवारी बसू या. थोडी चालेल का?

नको. मार लागलेल्या मेंदूला दारू लवकर चढते, तोल आणि जीभ दोन्ही आणखी सुटतात, आकडी येण्याचा धोका वाढतो, आणि आकडीच्या गोळ्या चालू असतील तर प्रश्नच मिटला. ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ म्हणा, त्यावर कुणी वाद घालत नाही. ज्यांच्याशी नातं फक्त बसण्यापुरतं होतं, ते इथे गळतात. गाडी चालवण्याचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. तोवर मित्राच्या मागे बसा, दोघांनी हेल्मेट घालून.

माझ्या मित्राला बोलताच येत नाही. जाऊन करू काय?

याला वाचाघात म्हणतात. शब्द हरवलेले असतात, अक्कल शाबूत असते. मोठ्याने बोलू नका, तो बहिरा नाही. लहान मुलाशी बोलतात तसं तर अजिबात नको. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, मग थांबा. तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट वेळ थांबा. वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन स्वतः पूर्ण करू नका. कागद-पेन्सिल, नकाशा, जुने फोटो जवळ ठेवा.

एक गंमत सांगतो. धड ‘पाणी’ म्हणता न येणारे काही जण आरती किंवा पाढे सुरात म्हणतात, कारण तोंडपाठ आणि गाण्यातून येणारं बोलणं मेंदूत काहीशा वेगळ्या वाटेने येतं. फिजिओथेरपीला येणाऱ्या एका काकांना स्वतःचं नाव सांगता येत नसे, पण गणपतीत ते अख्खी आरती म्हणाले. मग घरच्यांनी त्यांना आल्यागेल्यापुढे गायला लावायला सुरुवात केली, ते मात्र मला आवडलं नाही.

भेटायला येणाऱ्यांनी काय टाळावं?

‘ओळखलंस का? सांग बघू मी कोण?’ हे सर्वांत आधी बंद करा. खाटेभोवती सात नातेवाईक आणि प्रत्येकाचा तोच तोंडी पेपर. आत येतानाच सांगा, ‘मी अमुक, आपण पथकात एकत्र वाजवायचो.’ त्याच्यासमोर त्याच्याबद्दल त्याच्या आईशी बोलू नका. ‘माझ्या मेव्हण्याच्या चुलत्याला असंच झालं होतं’ ही गोष्ट जिन्यातच ठेवून या. आणि ‘काही लागलं तर सांग’ऐवजी ‘गुरुवारी पाचला येतो, खाली चक्कर मारू’ असं म्हणा.

काही जण म्हणतात, नाटक करतोय.

जखम दिसत नाही, म्हणून तसं वाटतं. काठी घेऊन चालणाऱ्याला बसमध्ये जागा मिळते, आमच्यासारख्याला ‘तरणाताठा आहेस की’ ऐकावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात ‘मेंदूला मार’ असा वेगळा प्रकार नाही. त्यातून आलेलं हालचालीचं, बोलण्याचं किंवा इतर अपंगत्व ज्या प्रकारात बसेल त्यानुसार प्रमाणपत्र मिळतं. ते खिशात असलं की कंडक्टरशी बोलणं सोपं जातं. मित्राला दाखवायची पाळी आली, तर मात्र तो मित्र जरा तपासून घ्या.

नवे मित्र कुठे मिळतील?

जिथे ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं ठरलेलं काम करतात, तिथे. वाचनालय, भजनी मंडळ, हास्यक्लब, सोसायटीची बाग, गणेशोत्सव मंडळ. तिथे गप्पा मारता आल्या नाहीत तरी हजेरी लागते, आणि हजेरीतून ओळख होते.

पथकात मला आता वाजवता येत नाही. चाळीस ढोल सुरू झाले की मला भोवळ येते. पण सराव सुरू होण्याआधी तासभर ढोलांच्या दोऱ्या ओढायचं काम असतं. पान ताणून, टिपरू हलकेच मारून आवाज बघायचा, पुन्हा ओढायचं. ते मी करतो. त्या तासात पंचविशीची दोन पोरं माझ्याबरोबर असतात. त्यांनी मला अपघाताआधी पाहिलेलंच नाही. त्यांच्या लेखी मी ‘हळू बोलणारा दादा’ आहे. जुन्या मित्रांच्या नजरेत जी तुलना असते ती त्यांच्या नजरेत नाही, आणि हा आराम मी शब्दांत सांगू शकत नाही. पहिला ढोल वाजायच्या आत मी कानात बोळे घालून घरी निघतो.

दुखापतीचं पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं नाही. तिचा त्रास समोरच्याला होण्याआधी सांगितलं की झालं.

एक सावधगिरी. एकटा पडलेला आणि अंदाज चुकणारा माणूस लोकांना लगेच ओळखू येतो. पतसंस्थेत मी असे जामीनदार पाहिले आहेत, ज्यांनी दोन महिन्यांच्या ओळखीवर सही केली होती. पैसे, जामीन, ओटीपी, आधारची प्रत यांचा विषय निघाला की ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायचं आणि खरंच विचारायचं.

बायकांचं वेगळं असतं का?

असतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुरुष कट्ट्यावर दिसेनासा झाला की चर्चा होते. बाई दिसेनाशी झाली, तर ‘घरात स्वयंपाक तरी जमतो ना’ एवढंच विचारतात. रांगेत भेटणाऱ्या एक ताई हॅमरेजच्या आधी भिशीचा हिशेब ठेवायच्या. मैत्रिणींनी ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणून वही दुसरीकडे दिली. हेतू चांगला, पण त्यांचं तिथे जायचं कारणच गेलं. हळदीकुंकवाच्या गर्दीत त्यांना बसवत नाही. त्यांना सावरलं ते एका शेजारणीने. ती दर मंगळवारी चार वाजता मेथीची जुडी घेऊन येते. दोघी निवडतात. कधी बोलतात, कधी नाही.

घरच्यांना एक सांगणं: आजारी बाईचा फोन तिच्याच हातात असू द्या.

सांभाळणाऱ्या माणसाच्या मैत्रीचं काय?

तीही तुटते. आठवड्यातले दोन तास त्या माणसाला बाहेर जाऊ द्या आणि परत आल्यावर उलटतपासणी घेऊ नका.

फार एकटं वाटतं. जगून काय करायचं, असं मनात येतं.

मेंदूच्या दुखापतीनंतर नैराश्य पुष्कळांना येतं. त्यावर उपचार आहेत. आजच घरात कुणाला तरी सांगा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येतं, मराठीतूनही.

लग्नाच्या पत्रिका येतात. जाऊ की नको?

जा, पण मुहूर्ताला नको. बँड, स्पीकर, मंगलाष्टकं आणि सहाशे माणसं, आपलं डोकं अक्षता पडेपर्यंत टिकणार नाही. आदल्या दिवशी सकाळी घरी जा. मांडवाचे बांबू पडलेले असतात, बायका रुखवत मांडत असतात, नवरदेव बनियनवर हिंडत असतो आणि त्याच्यापाशी बोलायला वेळ असतो. आहेराचं पाकीट तेव्हाच द्या. हॉलमध्ये जायचंच असेल तर शेवटच्या पंगतीला पोचा. जिलबी गार मिळते, पण शेजारी कोण बसलाय ते नीट ऐकू येतं.